एमआरआयच्या दारातली जोडवी

आईच्या डोक्यातली गाठ निघाली, ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण ती शुद्धीवर आली ती मुकीच. नजर आमच्यावर, तोंडातून शब्द नाही आणि उजवा हात गादीवर नुसता पडलेला. आमच्या गावी, धावड्याला, या बांधावरून त्या बांधावर गप्पा मारणारी माझी आई! तिच्या ओरडण्याला मी जन्मभर वैतागले, पण आता तिनं एकदा तरी ओरडावं म्हणून मी तिला हाका मारत राहिले.

डॉक्टर म्हणाले, "गाठ काढताना शेजारच्या मेंदूला इजा झाली, की तो भाग तात्पुरता बंद पडलाय, हे बाहेरून सांगता येत नाही. एमआरआय करू. जिथं रक्त पोचलं नसेल, तो भाग फोटोत पांढरा चमकतो." पांढरं दिसलं तर आईचं बोलणं गेलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

एमआरआयच्या दारात तिथल्या बाईंनी धातू तपासायचं यंत्र आईच्या अंगावरून फिरवलं. पायाशी ते किंचाळलं. चादर वर केली, तर दोन्ही पायांत चांदीची जोडवी! ऑपरेशनआधी मीच ती काढून वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हवाली केली होती.

"कोणी घातली?" बाईंनी विचारलं.

अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "म्या. सकाळी भेटाया सोडलं व्हतं तवा. म्या जिता असताना तिचे पाय मोकळे कसे ठिवू?"

"आत धातू तापतो काका. बोट भाजलं असतं ना त्यांचं."

"अण्णा, तुमी डोकं घरी ठिवून आलात का?" मी सगळ्यांसमोर खेकसले. राग त्यांच्यावर नव्हताच, भीती होती. चारचौघांत बायकोच्या पायाला हात न लावणारा हा माणूस खाली वाकला, जोडवी काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. आई त्यांच्याकडे एकटक बघत होती.

दार बंद झालं. आतून धडधड सुरू झाली.

"मळणीयंत्रावानी वाजून राह्यलंय," अण्णा पुटपुटले. मी त्यांचा हात धरला.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गाठीच्या जागी पोकळी, कडेनं थोडी सूज. "पांढरं कुठंच नाही. बोलणं परत यायला हवं, फक्त वेळ लागेल."

"बराबर बगितलं ना सायेब?" अण्णांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी जिन्यात बसून मनसोक्त रडले आणि मग कॅन्टीनमध्ये जाऊन प्लेटभर भजी एकटीनं संपवली. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढं काही दिवसांनी आईला आयसीयूतून वॉर्डात आणलं. आता जोडवी चालतील म्हटल्यावर अण्णांनी लगेच खिशात हात घातला. करंगळीशेजारच्या बोटात ते जोडवं सरकवायला लागले, तोच आईचे ओठ हलले.

"अवो... त्या... बोटात न्हाई."

आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो.

"त्या दिशीबी... तितंच... घातली व्हती."

म्हणजे ती मुकी पडली होती तेव्हाही तिला सगळं कळत होतं! अण्णा तिचा पाय धरून खालीच बसले. हसत होते, डोळे पुसत होते.

"मंग कोन्त्या बोटात?" त्यांनी विचारलं.

एवढा संसार करून या माणसाला बायकोची जोडवी कुठल्या बोटात असतात तेही ठाऊक नव्हतं. आईनं अंगठ्याशेजारचं बोट हलवून दाखवलं आणि त्यांच्यावर ओरडायला लागली. अडखळत, पण ओरडायला.