एक चक्कर मारल्याशिवाय

माझं सायकलचं दुकान म्हणजे नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगचा एक कोपरा. शाळेतून निवृत्त झाल्यावर हा उद्योग मी हौसेने अंगावर घेतला. मुलं शिकायला बाहेरगावी गेली की त्यांच्या सायकली जिन्याखाली गंजत पडतात. त्या मागून आणायच्या, चेन धुवायची, टायर बदलायचे आणि बायकांना विकायच्या. फक्त बायकांना. पुरुषांनी बाजारात जावं, तिथे त्यांना कोणी हसत नाही.

माझी एक अट होती. शेजारच्या मैदानाला एकटीने एक चक्कर मारल्याशिवाय सायकल घरी न्यायची नाही. येत नसेल तर रविवारी सकाळी मी शिकवणार, कॅरियर धरून मागे धावणार. "हे दुकान आहे की शाळा?" नवरा विचारायचा. गिऱ्हाईक हाड मोडून पडलं तर तुम्ही जाणार आहात का डबा घेऊन, असं म्हटलं की पेपर उघडायचा.

यंदा गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी धावणं साफ बंद केलं. धावता येत नाही म्हणजे शिकवता येत नाही, आणि न शिकवता विकणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, बास झालं. पाने, पंप, उरलेल्या ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला देऊन टाकल्या. पार्किंग झाडून काढलं. उरली एक निळी सायकल.

ती जवळच्या विचुंबे गावातल्या एका बाईसाठी राखून ठेवली होती. ही पन्नाशीची, एकटी राहणारी, तांदळाच्या भाकऱ्या करून आमच्या भागातल्या खानावळींना पायी नेऊन देणारी. वर्ष होत आलं, एकही रविवार चुकवला नाही, पण तिची चक्कर काही पुरी होईना. मी हात सोडला की दहा पावलांवर हँडल वाकडं, पाय जमिनीवर. "अगं, समोर बघ. चाक काय पळून जातंय?" मी ओरडायचे. ती हसायची. माझ्या हातून इतक्या जणी शिकल्या, ही एकटीच कच्ची राहिली, हे मला फार लागलं होतं. तिला पायपीट करतानाच सोडून दुकान बंद करायचं, या विचाराने झोप लागेना.

शेवटच्या रविवारी मी माझी अट माझ्याच हाताने मोडली.

"घेऊन जा सायकल," मी म्हणाले. "चक्कर राहू दे. माझ्याच्याने आता धावणं होत नाही. गावात कोणाला तरी धरायला सांग."

तिने माझ्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग साडी खोचली, पेडलवर पाय ठेवला आणि निघाली. सरळ. कोपऱ्यावर झोकात वळली, मधे कुत्रं आलं त्याला घंटी वाजवून बगल दिली, अख्खं मैदान फिरून आली आणि माझ्यापुढे ब्रेक लावला.

"कधीपासून येतंय तुला?"

"दिवालीपासून," तिने मान खाली घातली. "भाच्याच्या सायकलवर शिकली."

होळी उलटून गेली होती. म्हणजे इतके महिने ही बया मुद्दाम हँडल वाकडं करत होती आणि मी गुडघे झिजवत तिच्यामागे पळत होते. माझं डोकंच फिरलं.

"लाज नाही वाटली म्हातारीला पळवताना?"

"वाटली ना. पन तुमी कवा बोलल्या नाय, पाय दुकतो म्हनून." ती सीटवरची धूळ पदराने पुसत राहिली. "सायकल आली का तुमी मना घरी धाडनार. मी हाय मागं, पडू देनार नाय, असं मना आजवर कोनी बोललं नव्हतं, बाई."

मी डोळे पुसले आणि शाळेतला आवाज लावला. पुढच्या रविवारी जेवायला यायचं, आणि हात हलवत यायचं, असं तिला बजावलं. तिने मान डोलावली.

ती सायकलवर बसून निघाली तेव्हा, काही गरज नसताना, मी फाटकापर्यंत तिच्यामागे लंगडत गेले.