हिरव्या चुड्यातल्या मोरपंखी बांगड्या

परवा पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये माझी ताई माझ्यावर चक्क खेकसली... आणि मी आनंदाने वॉर्डातच उडी मारली! सिस्टरने डोळे वटारले, पण ऐकतो कोण.

आम्ही कासार. ताईचं शिरूरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान आहे, लग्नघरी जाऊन नवरीला चुडा भरायचा मानही तिचाच. मी नोकरीसाठी दौंडला.

मागच्या महिन्यात ताईची झोप उडाली, ती काहीबाही बडबडायला लागली... एकदा तर तिने आईलाच विचारलं, "तुम्ही कोण?" गल्लीने लगेच 'बाहेरचं' ठरवून टाकलं. मी तिला गाडीत घातलं आणि थेट पुणं गाठलं.

पाठीतलं पाणी तपासलं तेव्हा कळलं, शरीराचं रक्षण करणारी फौजच तिच्या मेंदूवर उलटली होती. उपचार सुरू झाले. पण डॉक्टर मॅडमचं समाधान होईना, एमआरआयमधले काही डाग या आजारात बसत नव्हते. त्यांनी विचारलं, आधी डोळ्यांचा काही त्रास? मी छातीठोकपणे नाही म्हणालो.

तेवढ्यात आई म्हणाली, "आरं, त्या इनामगावच्या लग्नात काय घोळ झाल्ता..."

खरंच की! त्या लग्नात ताईने नवरीच्या हिरव्या चुड्यात मोरपंखी बांगड्या भरल्या होत्या. नवरीच्या मामीने भर मांडवात तोंडाचा पट्टा सोडला होता. डोळा हलवला की दुखतो, रंग विटके दिसतात, असं ताई तेव्हा म्हणायची... पण आमच्याकडे कांदाकाटणी चालू होती, आम्ही सगळं कांद्यावर ढकललं. पुढे तिला आपोआप बरं वाटलं आणि विषय संपला.

मॅडम सरसावून बसल्या. रक्त आणखी एका अँटिबॉडीसाठी पाठवलं... पॉझिटिव्ह! एकात एक गुंतलेले दोन आजार निघाले. दुसरा तसाच लपून राहिला असता तर पुन्हा उलटून ताईची नजर घेऊन गेला असता. आता दोन्हींवर औषध चालू आहे. बहिणीला एकाऐवजी दोन आजार निघाले म्हणून पेढे वाटावेसे वाटणारा भाऊ मीच असेन!

तर परवा मी दुकानातून बांगड्या घेऊन गेलो. एक तिच्यापुढे धरून म्हणालो, ताई, ही हिरवी बघ. तिने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.

"ही हिरवी व्हय रं बाळ्या? मोरपंखी हाय ती! तुला दुकानात बसवलं तर गिऱ्हाईक पळंल!"

मी मुद्दाम फसवलं होतं, तिने रंग अचूक ओळखला! आणि बाळ्या... कितीतरी दिवसांनी तिने मलाही ओळखलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि या वेळी दोष द्यायला कांदाही नव्हता.

मॅडमचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण इनामगावच्या मामी, तुम्ही त्या दिवशी एवढ्या कडाडला नसता तर आईच्या लक्षात काय राहिलं असतं? तुमच्या धाकट्या भाचीचा चुडा ताईच भरणार... तुम्ही खुशाल समोर बसून एकेक बांगडी तपासून घ्या!