उतारावर उभा केलेला ट्रॅक्टर

"सायलीने चोर पकडला रे, तोही इथे मरोळच्या ऑफिसात बसून!"

बॉस पँट्रीत कुणाला तरी सांगत होते. मी कप विसळत होते. सायली माझ्याच बॅचची, माझ्याच शेजारच्या डेस्कवरची. मी नळ जरा जास्तच मोठा सोडला.

आमची कंपनी ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीत सेन्सर बसवते. टाकीतली पातळी, वेग, इंजिन चालू की बंद, सगळं आमच्या स्क्रीनवर दिसतं. रब्बीची पिकं निघाली की नांगरट सुरू होते आणि डिझेल भराभर संपतं. ट्रॅक्टर भाड्याने देणारे आमचे क्लायंट देवरे यांना चोरीचा संशय होता. सायलीने त्यांना ग्राफ दाखवला: जेवणाच्या सुट्टीत, इंजिन बंद असताना, पातळी खाली. म्हणजे ड्रायव्हर रामदास डिझेल काढतो.

"काय बोलते ना ती!" बॉस मला म्हणाले. "तूही बोलत जा गं जरा."

मी तोच ग्राफ उघडला. सायलीची चूक शोधायलाच.

पातळी सुट्टीत उतरत होती, पण काम पुन्हा सुरू झालं की तेवढीच वर येत होती. मध्ये डिझेल भरल्याची नोंद नव्हती. मग मी वेगाची रेघ बघितली. रोज सुट्टीनंतर चाकं आधी फिरत होती, इंजिन नंतर चालू होत होतं. बॅटरी कमजोर असली की ट्रॅक्टर उतारावर उभा करतात आणि घरंगळवत स्टार्ट करतात. उतारावर टाकी तिरकी होते, डिझेल एका बाजूला जातं आणि सेन्सरला ते कमी दिसतं.

"सायली, ऐक ना..."

"कॉल लागतोय यार, नंतर." तिने केस सारखे केले. केसही तिचेच छान.

मीही माझ्या डेस्कवरून कॉल जोडला. स्क्रीनवर देवरे आले. "भारी काम केलं मॅडम. रामदास वडिलांच्या वेळचा माणूस. पण आजच घरी पाठवतो त्याला."

सायली मान डोलावत होती. बॉस तिच्याकडे कौतुकाने बघत होते. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, क्लायंटसमोर मराठी बोलताना मी अडखळते, म्हणून म्यूटवरच असते. आता गप्प बसले असते तर सायली कधीतरी आपोआप तोंडावर पडली असती. हा विचार मला आवडलाही. पण तोवर रामदासची नोकरी गेली असती.

मी म्यूट काढला.

"सर, डिझेल टाकीतच आहे. रामदासला नका काढू. बॅटरी बदला."