पुढच्या बंदरावर उतरू

मार्कंड्याच्या यात्रेला जाताना डोंग्यात माझ्या शेजारी चांद्याचा एक म्हातारा बसला होता. मुलानं यात्रेत मांडलेल्या बांगड्यांच्या दुकानाकडे तो निघाला होता. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, तरी त्याचा हात सारखा वैनगंगेच्या पाण्यात होता.

तरुणपणी तो जहाजावर खलाशी होता. जहाज बंदराला लागलं की दिवसभराची सुट्टी मिळायची. त्या सुट्टीत एकट्यानं बुडी मारून समुद्राच्या तळाची रंगीत झाडं पाहायची, असं तो दरवेळी ठरवायचा. त्यासाठी पाण्याखाली घालायचा काचेचा चष्माही घेतला होता.

"मग उतरला का नाहीत?" मी विचारलं.

"दोस्त म्हणे, चाल बाजारात. मले वाटे, पुढच्या बंदरावर उतरू."

जेवणासाठी डोंगा काठाला लागला. नावाड्याचा हात धरून म्हातारा पाण्यात उतरला आणि त्यानं बुडी मारली. बऱ्याच वेळानं तो वर आला.

"काय दिसलं, चाचा?" नावाड्यानं विचारलं.

"अंधारच, भाऊ." दाढीतलं पाणी तो निपटत राहिला. "पण एवढं सोपं होतं, हे तवाच समजाले पाह्यजे होतं."