आखाजीच्या आदल्या दिवशीचा आवाज

तापीच्या काठी, प्रकाशा या तीर्थगावाहून थोडं खालच्या अंगाला, गुजरांच्या वस्तीचं एक गाव आहे. तिथे पहिलं ऑइल इंजिन आलं ते लोटन आणि रतिलाल यांच्या भागीत. दरडीवर पत्र्याची शेड उभी राहिली, नदीत पाइप उतरला आणि कपाशीच्या शिवारात ऊस दिसू लागला. दोघं आपापलं रान भिजवून उरलेलं पाणी शेजाऱ्यांना द्यायचे आणि पिकातला वाटा घ्यायचे. लिहिलेलं काहीच नव्हतं. लहानपणापासूनचे जोडीदार ते, त्यांच्यात कागद कसला?

लोटन हरहुन्नरी माणूस होता. इंजिन खोलायचा, जोडायचा आणि खळ्यावर बसला की साऱ्या गावाचे आवाज काढायचा. पाटलाचा घोगरा आवाज, कीर्तनकाराचा नाकातला सूर. रतिलालचा आवाज तर असा काढायचा की खुद्द रतिलालची बायको चुलीपुढून ओ द्यायची. लोक पोट धरून हसायचे. लोटनची बायको रुखमाबाईही हसायची.

पंचावन्न साली पावसाळ्यात लोटन तापाने गेला. जाण्याआधी त्याने रुखमाबाईला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "इंजिन आपलं एकट्याचं शे. रतिलालनी बैलजोडी लिधी आणि वाटा सोडा. तू ऐकेल शे ना?"

रुखमाबाईने ऐकलं होतं. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी ती आतल्या घरात सांजोऱ्या लाटत होती. भिंतीपलीकडच्या ओसरीवर दोघं बोलत होते. लोटन म्हणाला होता, "घे बैल. इंजिनमधला तुन्हा वाटा सुटना." मग रतिलाल खाकरला होता आणि म्हणाला होता, "सुटना. इंजिन तुन्हं." वाटा सुटला, एवढं तिने स्पष्ट ऐकलं. हातांना पीठ लागलेलं होतं म्हणून ती बाहेर आली नव्हती. संध्याकाळी गोठ्यात पाहिलं तर बैलजोडी नव्हती.

दिवस-कार्य उरकल्यावर रतिलाल इंजिनाच्या हिशेबाचं बोलायला आला आणि तिचं बोलणं ऐकून उडालाच. बैल त्याच्याकडे होते, हे तो नाकारत नव्हता. पण त्याचा एक बैल मेला होता, म्हणून लोटनने ती जोडी नांगरटीपुरती आपणहून त्याच्या गोठ्यात आणून बांधली होती, असं त्याचं म्हणणं. वाटा सोडल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. चार माणसं बसली, समजूत घालून झाली, कुणीच मागे हटेना. शेवटी रतिलालने नंदुरबारच्या दिवाणी कोर्टात दावा लावला.

दावा म्हणजे तारखा. एस.टी. नुकतीच सुरू झालेली, तीही पावसाळ्यात नाल्यांपाशी अडायची. रुखमाबाई भाकरी बांधून निघायची आणि कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसायची. पुकारा झाला की आत जायची, पुढची तारीख घेऊन बाहेर यायची. दोन्हीकडे कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. इंजिनाला कुलूप होतं आणि ऊस वाळत होता.

मग एका तारखेला रतिलालच्या वकिलाने नवीच गोष्ट मांडली. बाईंनी प्रकाशाच्या केदारेश्वरापुढे, ओलेत्याने, बेलाचं पान हातात घेऊन शपथेवर सांगावं. त्या जे सांगतील ते रतिलालला मान्य, दावा त्यावरच मिटवावा. तेव्हाच्या कायद्यात अशी सोय होती. न्यायाधीशांनी रुखमाबाईला नीट समजावलं, "बाई, तुमच्यावर सक्ती नाही. नको म्हणालात तर तसं लिहून घेऊ."

रतिलालचा होरा होता की ती कचरणार. विधवा बाई, त्यात एकुलती मुलगी पदरात, देवापुढे जाणार नाही.

रुखमाबाई म्हणाली, "मी जासू."

पुढच्या वर्षीच्या श्रावणातल्या सोमवारी कोर्टाने नेमलेला कमिशनर, एक तरुण वकील, कागद-दौत घेऊन प्रकाशाला आला. देवळात इतकी माणसं आणि तरी पिंडीवर ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. रुखमाबाई नदीत बुडी मारून तशीच आली. लुगडं अंगाला चिकटलेलं, तळहातावर बेल. कमिशनर म्हणाला, "जे स्वतः पाहिलं किंवा ऐकलं तेवढंच सांगा."

तिने सांगितलं, "आखाजीच्या आदल्या दिवशी, मन्हा घरनी ओसरीवर, रतिलालभाईनी वाटा सोडा. मी मन्हा कानसघाई ऐकं."

कमिशनरने लिहून घेतलं. रुखमाबाईने मान वर केली तेव्हा समोर रतिलाल उभा होता. दावा हरलेल्या माणसासारखा तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो तिच्याकडे पाहतही नव्हता. तिच्या खांद्यामागे कुणी उभं असावं तसा तिथे टक लावून पाहत होता, आणि त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

हुकूमनामा झाला. इंजिन रुखमाबाईचं. कुलूप निघालं, पण गावाचं वागणं बदललं. सकाळी कुणीतरी काहीतरी मागायच्या निमित्ताने यायचं, तिला आणि मुलीला डोळे भरून पाहायचं आणि जायचं. दोघी धडधाकट आहेत ना, एवढंच पाहायला. मुलगी शिंकली तरी शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. रुखमाबाई मनाशी म्हणायची, मी खरं बोलले, मला कसली भीती?

भाद्रपदातल्या एका दुपारी ती शेडमध्ये एकटीच होती. इंजिन बंद होतं. दाराबाहेरून कुणी खाकरलं. तिने विचारलं, "कोण शे?" उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने रतिलाल दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"भाभी, एक ईचारू? तू कोना आवाज ऐका?"

"तुम्हनाच, भाऊ. देवसमोर सांगं मी."

"माले म्हाईत शे तू खोटं नई बोलनी." त्याचे ओठ सुकले होते. "पण दिवस तू देवळमाच पहिल्यांदा सांगा, आनि मी त्या दिवशी गावमा नव्हतू. आखाजी व्हती ना? आंडेरले, सरलाले, लेवाले तळोदाले गयतू. रात तठेच काढी."

रुखमाबाईने हातातली तेलाची चिंधी घट्ट आवळली.

रतिलाल हळू आवाजात म्हणाला, "लोटन मन्हा आवाज काढे, भाभी."

भर दुपारच्या उन्हात तिच्या अंगावर काटा आला. ओसरीवर दोन माणसं आहेत असं ती धरून चालली होती. पाहिलं कुणालाच नव्हतं. एकटा लोटन भिंतीकडे तोंड करून बसला असेल, आधी आपल्या आवाजात बोलला असेल, मग खाकरून दुसऱ्याच्या. आत सांजोऱ्या लाटणाऱ्या बायकोला ऐकू जावं म्हणून. पुढे कधी तिला शपथेवर सांगावं लागलं तर तिने खरंच बोलावं म्हणून. मरताना त्याने विचारलं होतं, तू ऐकेल शे ना? तेव्हा त्याचा हात तिच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी ती तळोद्याला गेली. रतिलालची मुलगी सरला तिथे नांदत होती. "त्या दिवशी बाबा दुपारीच आले होते," ती म्हणाली. "भाड्याच्या गाडीचे बैल उन्हाने दमले होते, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. का हो काकी?" रुखमाबाई म्हणाली, काही नाही, सहज.

तिथून ती नंदुरबारला वकिलाकडे गेली आणि त्यांच्यापुढे सगळं ओतलं. वकिलांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही ऐकलं ते सांगितलंत. त्यात खोटं नाही. आणि शपथ मान्य करीन असं रतिलालनेच लिहून दिलं होतं. आता हे पुन्हा उकरता येत नाही."

"मंग खरं काय ते कोर्ट कधी पाहीन?"

"कोर्टाला तंटा मिटवायचा होता, बाई. तो मिटला." चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, "इंजिन तुमचं आहे. तुमच्या वस्तूत तुम्ही कुणालाही भागीदार घ्या. फक्त या वेळी कागद करा."

रतिलाल आधी तयार होईना. देवापुढे सुटलेला वाटा परत कसा घ्यायचा? त्याचं बोलणं तिलाही पटत होतं. पण माघ उजाडला, त्याचा ऊस पिवळा पडला, तेव्हा तो आला. स्टॅम्पपेपरवर नवी भागीदारी झाली, निम्मी निम्मी. गावाने तोंडात बोटं घातली. खोटी शपथ पचली नाही म्हणून दिला वाटा, असं बायका पाणवठ्यावर म्हणाल्या. रुखमाबाईने ते ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि घेतलं असतं तरी विश्वास कुणी ठेवला असता?

पुढची सहा-सात वर्षं दोघांनी इंजिन चालवलं. रतिलालने एक गोष्ट मात्र कायमची पाळली. तो कधी दाराआडून बोलला नाही, शेतातून हाक मारली नाही. आधी समोर यायचा, तिने त्याच्याकडे पाहिलं याची खात्री करून घ्यायचा, मग तोंड उघडायचा. एकदा त्याने विचारलं, "भाभी, मी नसतांना मन्हा आवाज येस का कधी?"

ती म्हणाली, "नई." हे मात्र खोटं होतं. ओसरीकडच्या भिंतीतून तिला अधूनमधून ते खाकरणं ऐकू यायचं. ती आत कढईखालचा जाळ वाढवायची, म्हणजे आवाजात आवाज मिसळायचा.

चौसष्ट साली रतिलाल पोटाच्या दुखण्याने गेला. तिसऱ्या दिवशी राख तापीत सोडली. त्यानंतरच्या आठवड्यात रुखमाबाई शेडमध्ये बसली होती. इंजिन ठक-ठक चाललं होतं, ऊन पांढरं झालं होतं, नदीपात्रात चिटपाखरू नव्हतं. पत्र्याच्या मागून कुणी खाकरलं आणि रतिलालच्या आवाजात म्हणालं, "भाभी, पानी खाले सोड."

ती उठली नाही, मागे जाऊन पाहिलंही नाही. इतकी वर्षं तिला निदान एवढं ठाऊक होतं, की रतिलाल घरी असताना तो आवाज आला तर तो लोटनचा. आता दोघंही गेले होते, आणि मागे कोण उभं आहे हे ओळखायला काही साधन उरलं नव्हतं. बराच वेळ ती मांडीवर हात ठेवून बसली. मग बाहेर येऊन तिने पाटाचं तोंड फोडलं आणि पाणी खालच्या रानात सोडलं. खालचं रान रतिलालच्या विधवेचं होतं. ते खरंच कोरडं पडलं होतं.

पुढे गावात वीज आली, मोटर बसली, आणि रतिलालच्या विधवेला विचारून तिने इंजिन विकायला काढलं. मुलीचं लग्न होऊन ती नांदायला गेली होती. धडगावकडचा रूपसिंग नावाचा माणूस पिठाच्या गिरणीसाठी इंजिन घ्यायला आला. त्याने चाक फिरवून पाहिलं, तेल बोटावर घेऊन पाहिलं, कान लावून ऐकलं. मग विचारलं, "बाई, यात काही खोट असेल तर आधीच सांगा. मागाहून तंटा नको."

रुखमाबाई शेडच्या मागच्या पत्र्याकडे पाहत होती.

"इंजिनमा काही खोट नई," ती म्हणाली, आणि चार गडी ते गाडीवर चढवू लागले.