भिंगकाका आणि हरवलेला ओरखडा

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भिंगकाकांनी बत्तीस वर्षं एकच काम केलं. समोरून सरकणाऱ्या बाटलीत खोट शोधायची, दिसली की लाल ठिपका लावायचा आणि पुढची बाटली बघायची. ठिपकेवाल्या बाटलीचं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "ते दुसरं खातं," एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर खिशातलं भिंग राहिलं, नखं मुळापर्यंत कापायची शिस्त राहिली, पण ते दुसरं खातं मात्र कारखान्यातच राहिलं. त्यामुळे घरातला नळ गळतोय हे काका सगळ्यांच्या आधी सांगतात, आणि तो नळ सगळ्यांत जास्त दिवस गळतो. मी शेजारी असल्याने दोन्ही मला ऐकू येतं.

काकांच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. वय बाहत्तर. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली, त्यांच्यातली बाई सुटली नाही. चौसष्ट वर्षांच्या काकांना त्या अजून 'छोट्या' म्हणतात. लहानपणी छोट्याने त्यांच्या शाईच्या पेनाचं निब मोडलं होतं. तेव्हापासून ताईंनी त्याच्या हाती आपली कुठलीही वस्तू दिली नव्हती, साधी छत्रीसुद्धा नाही. पण दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपली गडद निळी गाडी तीन आठवड्यांसाठी भावाकडे ठेवली.

"रोज दहा मिनिटं फिरव, नाहीतर बॅटरी बसेल," किल्ली देताना त्या म्हणाल्या. "आणि छोट्या, बघ हं."

त्या 'बघ हं'मध्ये पन्नास-पंचावन्न वर्षं होती.

अठरा दिवस काकांनी गाडी तान्ह्या बाळासारखी फिरवली. एकोणिसाव्या दिवशी मागे घेताना फाटकाचा पांढरा खांब मध्ये आला. खांब काही जागचा हलला नव्हता, पण काका तसंच सांगतात. खर्र असा आवाज झाला आणि मागच्या दारावर दीड वीत लांब पांढरी रेघ उमटली. काका धावत माझ्याकडे.

"ताई परवा येतेय हो!"

"त्यांना कुठे दिसणार आहे, काका?"

"अहो, नवीन डोळे बसवलेत! कालच फोनवर म्हणाली, समोरच्या गच्चीवरचा कावळा कुठल्या पायावर उभा आहे तेसुद्धा दिसतंय."

आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सोपं करून सांगितलं: गाडी आधी नीट धुवा, सावलीत घ्या, मग रेघेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, रंग भरावा लागेल. नाही अडकलं तर मऊ फडक्यावर थोडं कंपाउंड, म्हणजे गाडी घासायची पेस्ट, घ्या, हलक्या हाताने गोल गोल घासा आणि वरून पॉलिश लावा. काकांनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे. माझी मी शाळेपासून खातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुतली. "काकूंचं नख लागेल," मी म्हणालो. काकू बाहेर आल्या. "छत्तीस वर्षं संसार केला, पण माझ्या नखाची गरज आजच पडली," असं म्हणत वाकल्या, रेघेकडे बघितलं, आत गेल्या आणि रॉकेलचा बोळा घेऊन आल्या. दोनदा हात फिरवला. रेघ गायब!

"ओरखडा कसला? फाटकाचा रंग लागला होता," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मी टाळी द्यायला हात पुढे केला. काका पांढरे पडले होते.

"कुठे गेला?"

"गेला की, काका."

"असा कसा जाईल? बत्तीस वर्षांत फडक्याने पुसून गेलेली खोट मी पाहिली नाही. तो खाली लपलाय."

खिशातून भिंग निघालं. लाल ठिपके ताईंच्या गाडीवर कसे लावणार, म्हणून खडू आला. दुपारपर्यंत त्या एका दारावर एकेचाळीस वर्तुळं झाली. प्रत्येकात केसाएवढी बारीक रेघ होती, हे मलाही भिंगातून कबूल करावं लागलं. प्रश्न एकच उरला, यातली आमची कुठली? मी म्हणालो, मुठीच्या वर होती. काका म्हणाले, खाली. काकूंना पुन्हा बोलावलं. त्यांचं नख कुठे अडकलं, कुठे घसरलं.

"अडकलं की नाही, नक्की सांग!"

"नख भांडी घासून झिजलंय हो! त्याला काय कळतंय?"

शेवटी काकांनी निर्णय दिला: सगळेच घासायचे, त्यात आपलाही जाईल. ती दुपार आणि दुसरा दिवस कंपाउंड आणि पॉलिश चाललं. मी पाणी, काका फडकं. आणि खरंच, एकेचाळीस वर्तुळांच्या खालून असं निळं दार निघालं की त्यात बघून दाढी करावी! फक्त एक भानगड झाली. त्या दाराशेजारी उरलेली गाडी जुन्या पातेल्यासारखी दिसू लागली. आता आंधळ्यालाही कळलं असतं की या दाराचं काहीतरी झालंय. काका दोन पावलं मागे जात, पुढे येत, डोकं खाजवत.

"या दारावर थोडी माती मारू या का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. ताई उतरल्या, काळा चष्मा काढला आणि गाडीकडे बघत राहिल्या. त्यांनी काही विचारायच्या आत काका बोलून मोकळे झाले.

"ताई, मी ओरखडा पाडला. पण कोणता, ते सापडत नाहीये."

ताईंनी हात पुढे केला. काकांनी भिंग दिलं. घासलेल्या दाराकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्या पुढच्या बाजूला वाकल्या.

"हा तुझा?"

"नाही गं, तो आधीपासूनचा."

"हा मोठा?"

"तोही."

ताई सरळ उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. "हा शाळेसमोरच्या खांबाचा असणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला वाटत होतं, खांब चुकवला मी. आणि हा... म्हणजे तो फळवाला उगीच ओरडला नव्हता तर!" गाडी घेतल्यापासून सहा वर्षं आपण कशालाही धक्का लावला नाही, असं ताईंनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

त्यांनी भावाच्या हातातला खडू घेतला आणि स्वतःच वर्तुळं काढायला लागल्या. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने नवा खडू घेऊन काका. तासभर हेच चाललं. एकमेकांच्या वर्तुळांवर नजर होती.

निघताना ताईंनी पुन्हा रिक्षाच बोलावली. काकांनी पुढे केलेली किल्ली भिंगासकट त्यांच्याच तळहातावर परत ठेवली.

"दर रविवारी येईन. अजून तीन दारं घासायची राहिलीत. मधे गाडी फिरवत जा."

रिक्षा कोपऱ्यावरून वळली. काका किल्लीकडे बघत उभे.

"रागावली का हो ती?"

"नाही वाटत."

"मग 'बघ हं' का नाही म्हणाली?"

काकांनी भिंग काढलं आणि किल्लीच वरून, खालून, उन्हात धरून तपासायला घेतली. आतून काकू ओरडल्या, "अहो, नळ गळतोय!"

"माहितीय!" काका म्हणाले आणि नळासाठी फडकं शोधायला लागले.