गळ्यापर्यंत पेट्रोल

बायकोची बदली तिरोड्याच्या शाळेत झाली, तेव्हा तिने घरात जाहीर केले की गोंदियाहून रोज रेल्वेच्या वेळा सांभाळणे आता होणार नाही. स्वतः गाडी चालवत जाणार. गाडी म्हणजे बालाघाटला तिच्या माहेरी उभी असलेली जुनी मोटार. ती शिकली होती त्याच गाडीवर. तिच्या धाकट्या भावाने ती खुशीने देऊन टाकली. पण मध्य प्रदेशातली गाडी महाराष्ट्रात आणायची तर आरटीओची तपासणी आली. ती शुक्रवारी होती आणि सोमवारी बायकोला रुजू व्हायचे होते. पास झाल्याशिवाय गाडी रोज रस्त्यावर न्यायची नाही, असे मी बजावले.

"मग पास करून आणा, जी," ती म्हणाली.

उणीव एकच होती. पेट्रोलच्या टाकीचे झाकण हरवले होते आणि मेहुण्याने तिथे चिंधी गुंडाळून भलत्याच गाडीचे झाकण कोंबले होते. गळती दिसली की गाडी नापास, हे मी आधीच विचारून ठेवले होते. मी व्हर्नियर काढून तोंडाचा व्यास घेतला, खाचांमधले अंतर घेतले, मग सगळे पुन्हा एकदा घेतले.

"झाकण शोधून राहिले की जावई?" बायकोने विचारले.

झाकण मिळाले आणि नेमके बसले. जुन्या पद्धतीचे होते, हवेसाठी वर बारीक भोक असलेले.

शुक्रवारी सह्यांसाठी मेहुणा आला. चाकांत हवा भरून आणतो म्हणून गाडी घेऊन गेला. आम्ही आरटीओत पोहोचलो, गाडी उन्हात उतारावर लावली. निरीक्षक जवळ आले आणि थबकले. झाकणाखालचा पत्रा ओला होता.

"टाकी गळते."

"साहेब, झाकण मापाचं आहे."

"मग गळते काऊन?"

मी मेहुण्याकडे पाहिले.

"जीजाजी, पंपावर गेलोच होतो, तर टाकी फुल करून टाकली," तो म्हणाला. "गोंदियात स्वस्त पडते ना!"

बालाघाटची माणसे गोंदियात आली की पेट्रोल भरल्याशिवाय परतत नाहीत. ह्याने तर गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरले होते, आणि आता ते हवेच्या भोकातून बाहेर येत होते.

"गाडी इथेच राहायची आहे, बाबा," बायको म्हणाली. "स्वस्ताई कोणासाठी भरून राहिला?"

निरीक्षक हसले. ऑफिस बंद व्हायच्या आत पत्रा कोरडा करून आणा, नाहीतर पुढची तारीख घ्या, म्हणाले.

पुढची तारीख सोमवारनंतरचीच असणार. बायको स्टेअरिंगवर बसली आणि गाडी कामठ्याच्या रस्त्याला लावली. मागून मेहुणा कळवळला, "दीदी, हळू चालव. कितना पेट्रोल जल रहा है!"

"जाळायलाच निघालो ना!"

कामठ्याला जाऊन परत आलो, तेव्हा काटा थोडा खाली आला होता. निरीक्षकांनी गाडी पुढे-मागे घ्यायला लावली, कचकन ब्रेक मारायला लावला, झाकणाभोवती बोट फिरवून वास घेतला आणि सही केली.

सोमवारी सकाळी बायकोने गाडी बाहेर काढली. मी फाटक धरून विचारले, "पेट्रोल किती आहे?"

"पुरेल."

"म्हणजे किती?"

तोवर गाडी तिरोड्याच्या रस्त्याला वळली होती.